तेलगावच्या मातीचा दोष

आमच्या दाजींनी आजवर कुणाच्याही घरात पाऊल टाकल्यावर आधी माणसांकडे पाहिलेलं नाही. आधी ते छताकडे पाहतात, मग छतावरची वायर ज्या भिंतीने खाली उतरते त्या भिंतीकडे, मग बोर्डाकडे, आणि बोर्डाने त्यांचं समाधान केलं तरच घरधन्याला रामराम घालतात. बोर्ड सहसा समाधान करत नाहीत. त्यामुळे माजलगाव तालुक्यातले बरेच घरधनी रामरामाविनाच राहिलेले आहेत. एकदा आम्ही ओळखीच्या एका घरी दुखवट्याला गेलो होतो. सगळे माना खाली घालून बसले होते आणि दाजी एकटे मान वर करून. त्या घरातल्या म्हातारीला वाटलं, हा माणूस गेलेल्याला वर कुठे शोधतो आहे, आणि तिला पुन्हा रडू फुटलं. दाजी पंख्याचा हुक बघत होते. निघताना त्यांनी थोरल्या मुलाला बाजूला घेतलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "व्हायचं ते झालं. पण त्या पंख्याखाली कुणाला बसू देऊ नगा."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंद्याने वायरमन. माजलगावच्या बाजारात माझं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे आणि या भागातले निम्मे वायरमन सकाळी माल घ्यायला माझ्या काउंटरशी उभे असतात, त्यामुळे कुणाच्या भिंतीत काय निघालं हे मला त्याच्या शेजाऱ्याआधी कळतं. हे लोक आपसात जे बोलतात ते गिऱ्हाइकाने ऐकलं तर तो कंदील घेऊन घरी जाईल. कुणाला फ्यूजमध्ये तारेऐवजी खिळा सापडलेला असतो. कुणाला भिंतीतला जोड दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून रबराने बांधलेला. प्लग आणायचा कंटाळा म्हणून नुसत्या वायरी सॉकेटात घालून वर आगपेटीच्या काड्या दाबलेल्या, हे तर इतकं रोजचं आहे की ते सांगायची कुणी तसदी घेत नाही. बाकीचे वायरमन हे सांगतात, हसतात, चहा पितात आणि कामाला जातात. दाजी हसत नाहीत. "खिळा केवढा व्हता?" असं ते विचारतात. लहान खिळा असेल तर त्यांना थोडं कमी वाईट वाटतं. मोठा असेल तर मोटारसायकल काढून स्वतः बघायला जातात.

बघून नुसते परत येत नाहीत, नमुना घेऊन येतात. ताईच्या बैठकीत काचेचं कपाट आहे. वरच्या फळीवर भाचीची शाळेतली बक्षिसं आणि ताईने विणलेला मोर, आणि खालच्या सगळ्या फळ्यांवर दाजींचे नमुने. वितळून थेंबासारखे लोंबणारे होल्डर, कोळसा झालेली सॉकेटं, तीन रंगांच्या सात तुकड्यांना गाठी मारून केलेली एक वायर, आणि दातांच्या पेस्टच्या पत्र्याच्या जुन्या ट्यूबमध्ये घालून झाकलेला एक जोड. तो जोड मधोमध ठेवलेला असतो आणि दाजी त्याला 'राजा' म्हणतात. आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी राजा दाखवला जातो. एका पाहुण्याने घाबरत विचारलं, "हे काय, अपघातातलं सामान आहे का?" दाजी म्हणाले, "न्हाई, अपघात व्हायचा ऱ्हाऊन गेला, त्येचं हाय."

ताई सांगते की हा स्वभाव लग्नानंतर जडलेला नाही, लग्नातच होता. मंगलाष्टकं चालू असताना नवरदेव अंतरपाटावरून सारखा डोकावतो आहे म्हणून बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, आणि ताई लाजून अर्धी झाली होती. नंतर तिला कळलं की तिच्या मागे मांडवाच्या लोखंडी खांबाला हॅलोजन बांधला होता, त्याची वायर सोललेली होती, आणि नवरदेवाचा जीव तिकडे लागला होता. "माझ्यासाठीच बघत होते म्हणा," ताई म्हणते. तेवढ्यावर ती इतकी वर्षं समाधानी आहे. नारायणगडाच्या यात्रेला आम्ही सगळे एकदा जीप करून गेलो. सगळ्यांना दर्शन झालं, दाजींना झालं नाही. पायथ्याशी एका रसवंतीची वायर चिखलातून गेली होती आणि लोक ती तुडवत वर जात होते. दाजी तिथे उभे राहून प्रत्येकाला लांब टांग टाकायला सांगत होते. आम्ही दर्शन घेऊन परत आलो तरी ते तिथेच. रसवाला वैतागून म्हणाला, "आवो काका, देव वर हाय, तुमी हितं कावून उभे ऱ्हायलात?" दाजी म्हणाले, "देव कुठं जात न्हाई बे. तू आधी वायर उचल." शेवटी बांबू रोवून वायर वर घेतली गेली, रसवाल्याने त्यांना रस पाजला, आणि तोच त्यांचा प्रसाद.

वायरमन लोकांचा एक अलिखित नियम आहे. दुसऱ्याच्या कामाला घरमालकासमोर नावं ठेवायची नाहीत. मनात शिव्या द्यायच्या, बोर्ड उघडायचा, नीट करायचा आणि "जुनं झालं होतं" म्हणायचं. हा नियम सगळे पाळतात, कारण उद्या आपलंही काम कुणीतरी उघडणार असतं. दाजी हा नियम पाळत नाहीत. बोर्ड उघडला की ते घरमालकाला, त्याच्या बायकोला आणि कुणी शेजारी रिकामा असेल तर त्यालाही बोलावतात आणि आत काय आहे ते समजावून सांगतात. हिरव्या वायरीतून करंट नेलेला दिसला तर त्यांचा आवाज चढतो. हिरवी वायर अर्थिंगची, म्हणजे जादा करंट गुमान जमिनीत नेऊन सोडणारी. तिला हात लावताना माणूस निर्धास्त असतो. तिच्यातच करंट सोडणाऱ्याबद्दल दाजी जे बोलतात ते मी इथे लिहीत नाही. विजेच्या तारेवर आकडा टाकणाऱ्यावर ते इतके चिडत नाहीत. "आकडेवाला चोर हाय," ते म्हणतात, "पण त्येला आपुन काय करतोय ते म्हाईत असतंय." या बोलण्यापायी तालुक्यातल्या अर्ध्या वायरमनांशी त्यांचं बोलणं बंद आहे. ते दुकानात आले की बाकीचे माल बांधून घ्यायची घाई करतात. मी दुकान चालवणारी बाई असल्याने मला त्यांच्या येण्याची सोयीची वेळ ठरवून द्यावी लागली आहे.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. भाचीच्या लग्नाचं बघायला लागलो आणि हसणं थांबलं.

आमच्याकडे मुलगी पसंत पडली की मुलीकडची माणसं मुलाचं घर बघायला जातात. घर बघायचं म्हणजे जमीन किती, जनावरं किती, माणसं कशी, पाण्याची सोय काय. दाजी मेन स्विच बघत होते. पहिलं स्थळ मोडलं ते न्हाणीघरातल्या बटणावरून. ओल्या हाताने पोचेल अशा जागी गिझरचं बटण होतं. दाजी तिथल्या तिथे मुलाच्या वडिलांना म्हणाले, "हितं माणूस अंघोळीला जातंय का अंत्यविधीला?" चहा यायच्या आत आम्ही रस्त्यावर होतो. दुसऱ्या ठिकाणी मी आधीच सांगून ठेवलं होतं की बोलायचं नाही. ते बोलले नाहीत. त्यांनी खुर्चीवर चढून जोडावरची चिकटपट्टी सोडवली, आणि घरातली लाईट गेली. त्या घरून नंतर निरोपही आला नाही.

तिसरं स्थळ तेलगावचं. मुलगा बियाणं-खताच्या दुकानात हिशेब बघायचा, वागायला सरळ, आणि मुख्य म्हणजे भाचीला मनापासून आवडलेला. ती माजलगावच्या दवाखान्यात नर्स आहे, सहसा मागे लागून काही मागत नाही. त्या दिवशी मात्र ती दाजींसमोर हात पुढे करून उभी राहिली.

"पप्पा, टेस्टर."

"असू दे की खिशात. सवय हाय."

"टेस्टर द्या. आन् शप्पथ घ्या, तिथं बोर्डाबद्दल बोलायचं न्हाई. मला ह्योच पोरगा करायचाय."

दाजींनी टेस्टर काढून दिला. तीस-बत्तीस वर्षांत तो खिसा पहिल्यांदाच मोकळा झाला असावा, कारण तिथे कापडावर टेस्टरच्या आकाराचा गडद पट्टा राहिला होता. भाची जाता जाता माझ्या कानाशी म्हणाली, "मावशी, तू बोर्डाच्या आन् त्यांच्या मधी बस." माझ्यावर कामं अशीच पडतात.

तेलगावचं घर चांगलं होतं. दोन मजली, पुढे ओटा, मागे परसात गळ्याएवढा ऊस. बैठकीत मुलगा, त्याचे वडील, आई आणि धाकटे चुलते. चुलत्यांचं गावात मोटारी गुंडाळायचं दुकान. जळालेल्या पंपाची तार काढून नवी भरायची, हे त्यांचं काम, आणि त्यात त्यांचं नाव होतं. भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा सुशीला आला, शेवटी लिंबू पिळलेला, वर शेव. मी दाजींच्या आणि बोर्डाच्या मध्ये बसले. दाजी मान खाली घालून खात होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुठे फरशी कशी आहे ते दिसलं असेल.

सगळं ठीक चाललं होतं. मग मुलाच्या आई चहाचं दूध काढायला उठल्या. फ्रीज स्वयंपाकघराच्या दाराशीच होता, बैठकीतून दिसत होता. त्यांनी भिंतीला टेकवलेला लाकडी पाट पायाने ओढला, फ्रीजसमोर सारला, त्यावर उभ्या राहिल्या, दार उघडलं, पातेलं काढलं, दार लावलं, खाली उतरल्या आणि पाट पायानेच पुन्हा भिंतीला लावला. हे करताना त्या माझ्याशी कापसाच्या भावाबद्दल बोलत होत्या आणि बोलणं एका शब्दानेही अडलं नाही.

दाजींचा घास हातात राहिला.

"ह्यो पाट कावून?" ते म्हणाले. शप्पथ बोर्डाबद्दल होती, पाटाबद्दल नव्हती.

"मुंग्या येत्यात हो हाताला," त्या सहज म्हणाल्या. "पाटावर ऱ्हायलं की न्हाई येत. धुण्याच्या मशीनला चप्पल घालायची. आमाला समद्यांला सवय हाय. नव्या माणसाला जरा दिवस लागत्यात. लेकीची लेकरं सुट्टीला आली की मग फ्रीज बंदच ठिवतो बगा, लेकरांला पाटाचं ध्यानात ऱ्हात न्हाई."

मुलाचे वडील कौतुकाने म्हणाले, "पावसाळ्यात जरा जास्त मारतंय. तेवढंच."

मी दाजींकडे बघून 'नको' अशी मान हलवली. त्यांचा हात खिशाशी गेला, खिसा रिकामा. त्यांनी ताट खाली ठेवलं, उठले आणि अनवाणी फ्रीजपाशी गेले. पाट घेतला नाही. तळहात न लावता त्यांनी हाताची मागची बाजू फ्रीजच्या दाराला टेकवली. झटका बसला तर हात आपोआप मागे यावा म्हणून वायरमन तसंच करतात. हात मागे आला. दाजी परत येऊन बसले. 

"ह्ये वायरिंग कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

"म्या," चुलते म्हणाले. "समदं घर एकट्यानं. बाहेरचा माणूस लावला न्हाई."

मी डोळे मिटले. चहा अजून आला नव्हता, आणि पहिल्या स्थळी तो आलाच नव्हता.

"पोरगी देतो," दाजी म्हणाले. "पण..."

बैठकीत 'पण' म्हणायचा मान मुलाकडच्यांचा असतो. मुलीकडून 'पण' आला म्हणून मुलाचे वडील सरसावून बसले.

"पण लग्नाच्या आधी ह्या घराला अर्थिंग करून देणार. माझ्या हातानं."

चुलते उभे राहिले. "म्हंजे? माझं काम वंगाळ हाय? घर बघाय आलते का मीटर बघाय आलते?"

"आरं, बस तू," मुलाचे वडील म्हणाले, पण त्यांचाही चेहरा उतरला होता. मुलगा जमिनीकडे बघत होता. मला भाचीचा पुढे केलेला हात आठवला आणि मी मनात परतीच्या जीपची वेळ मोजायला लागले. दाजींनी चुलत्यांकडे पाहिलं. ते आता काय बोलणार हे मला पाठ होतं. राजाला ज्याने जन्म दिला त्याला ते जे बोलले होते, तेच.

"तुमचं काम झकास हाय," दाजी म्हणाले.

मी डोळे उघडले.

"कामाचा दोष न्हाई. मातीचा हाय. तेलगावची माती लई कोरडी. करंट धरतच न्हाई. कुणीबी केलं असतं तर हेच झालं असतं. म्या केलं असतं तरी."

त्यांच्या पाठीमागे खिडकीतून गळ्याएवढा ऊस दिसत होता. तेलगावची माती काळीभोर आहे, पाणी धरून ठेवणारी, चिखलात रुतलेला पाय चप्पल सोडून वर येतो अशी. ती कोरडी आहे असं तेलगावात बसून म्हणायला धाडस लागतं. पण चुलत्यांचा चेहरा निवळला. ते हळूहळू बसले आणि म्हणाले, "मी बी ह्येंला तेच सांगतो! माती वंगाळ हाय म्हणून!"

"लई वंगाळ," दाजी म्हणाले.

मग चहा आला. परतीच्या जीपमध्ये दाजी डोकं मागे टेकून बसले. खोटं बोललेल्या माणसाला दमायला होतं तसे ते दमलेले दिसत होते.

लग्नाच्या आधीच्या आठवड्यात दाजी आणि चुलते दोघे मिळून परसात खड्डा खणत होते. माल माझ्या दुकानातून गेला, म्हणून मीही एकदा चक्कर टाकली. लोखंडी पाइप उभा करायचा, त्याभोवती कोळशाचा थर, मिठाचा थर, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ. चुलते मीठ ओतत होते आणि मातीला शिव्या देत होते, दाजी मान डोलवत होते. घरातला बोर्ड उघडायची वेळ आली तेव्हा दाजींनी चुलत्यांना वाळू आणायला पाठवलं. आत हिरवी वायर अगदी नीट गुंडाळून ठेवलेली होती आणि तिचं टोक भिंतीत ठोकलेल्या एका खिळ्याला बांधलेलं होतं. पलीकडे काही नव्हतं. जमिनीपर्यंत ती वायर कधी गेलीच नव्हती.

मी म्हटलं, "दाजी, हा तर राजाचाही बाप."

दाजींनी खिळा उपटला, तळहातावर घेऊन थोडा वेळ पाहिला. मला वाटलं, कपाटात जागा करावी लागणार. ते परसात गेले, खिळा खड्ड्यात टाकला आणि वर मिठाचं अर्धं पोतं रिकामं केलं. तेवढ्यात चुलते वाळू घेऊन आले. "काय निघालं का आत?" त्यांनी विचारलं. "काय न्हाई," दाजी म्हणाले. "जुनं झालतं."

लग्न व्यवस्थित झालं. मांडवाची वायर दाजींनी स्वतः ओढली असल्याने त्यांना अक्षता टाकायला डोकं मोकळं होतं. पाठवणीच्या वेळी ताई रडली, मी रडले, मुलाकडच्या बायकाही थोड्या रडल्या. दाजी गाडीच्या खिडकीशी गेले. मुलीला बाप जे सांगतो ते सांगायला ते वाकले आहेत असं बघून सगळे दोन पावलं मागे सरकले. मी सरकले नाही, त्यामुळे मला ऐकू आलं. "काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडत्यात," ते सांगत होते. "खड्डा सुकला की अर्थिंग मेलं म्हणून समज. होळी झाली की पाणी घालायला लाग. पाइपाच्या तोंडात, सावकाश. इसरू नको." भाची हुंदके देत "हो" म्हणाली. गाडी सुटली आणि दाजी मांडवाची वायर गुंडाळायला गेले.

आता होळी झाली की दाजी तिला फोन करतात. दुपारी दुकानात माझ्या काउंटरच्या टोकाला स्टुलावर बसून करतात, कारण घरी ताई ऐकत असते. माझ्या ऐकण्याने त्यांना काही वाटत नाही. "घातलं का पाणी?" "घातलं, पप्पा." "किती?" "दोन बादल्या." "मुरलं का?" "मुरलं." फोन मात्र दोघंही ठेवत नाहीत. भाचीच्या मागून कुकरची शिट्टी ऐकू येते, सासू काहीतरी विचारते, भाची तिला उत्तर देते, कधी हसते. दाजी फोन कानाला लावून ते सगळं ऐकतात. मग "बरं मग" म्हणून ठेवून देतात. चैत्रात आठवड्याला होणारा हा फोन वैशाखात दिवसाआड होतो. इतकं पाणी त्या खड्ड्याला लागत नाही, हे मलाही कळतं आणि भाचीलाही. तिच्या सासरी पाणी भरपूर आहे, ती घालत असते.

यंदा पाऊस वेळेवर आला. दुकानात येणारा प्रत्येक माणूस खुशीत होता, वायरमनसुद्धा. दाजी दुपारी आले, स्टुलावर बसले, बाहेर बघत राहिले.

"तेलगावात पण झाला म्हणे चांगला," मी म्हटलं.

"झाला. जमीन भिजली."

"मग बरं झालं की."

"बरंच झालं," दाजी म्हणाले. "आता होळीपस्तोर पाणी घालायचं काम न्हाई."

फोन त्यांच्या हातात होता. थोडा वेळ तसाच राहिला, मग त्यांनी तो खिशात ठेवून दिला.